पुन्हा तपास

तुझं पत्र वाचलं. तिसऱ्या वर्षी डोक्याला जबर मार, पाचव्या वर्षी बुद्ध्यांक चांगला आला म्हणून फाईल बंद, आणि आता दहाव्या वर्षी त्या मुलीची गणितं अर्धवट राहतात, वह्या हरवतात, तिला आळशी म्हणतात. इतक्या जुन्या माराचा आता काय संबंध, असं विचारलंस.

संबंध आहे. जी क्षमता तिसऱ्या वर्षी उगवलीच नव्हती, ती अधू झाली हे पाचव्या वर्षी दिसणार कसं? डोकं आपटताना मेंदूचा कपाळामागचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. मनाला आवर घालणं, कामाची आखणी, चार गोष्टी एकदम लक्षात ठेवणं ही त्याच भागाची कामं, आणि तो पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. शाळेची मागणी वाढते तेव्हा उणीव उघडी पडते. म्हणून पुन्हा तपास.

‘लहान मुलांचा मेंदू इजा भरून काढतो’ हे वाक्य मला ऐकवू नकोस. मेंदूच्या संशोधक मार्गारेट केनार्ड यांनी 1930 च्या दशकात माकडांत पाहिलं ते हालचालींबद्दल होतं. लहान, एकाच जागची इजा आणि सगळीकडे पसरलेली इजा यांत फरक आहे. आणि प्रत्येक अडचणीचं खापर एकदाच बसलेल्या सौम्य मारावर फोडू नकोस. असा सौम्य मार बसलेली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तेव्हा जुने कागद आधी मागव: बेशुद्धी किती वेळ, ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धीच्या पातळीचे गुण, किती (8 किंवा कमी म्हणजे गंभीर), स्कॅन काय सांगतो. झोप, नजर, कान तपासून घे. क्षणभर शून्यात पाहणं ही फिटही असू शकते.

मग एकूण बुद्ध्यांक बाजूला ठेव. सरासरी खड्डे झाकते. वर्किंग मेमरी (काम करताना गोष्टी मनात धरून ठेवणं) आणि प्रोसेसिंग स्पीड (मेंदूच्या कामाचा वेग) यांचे गुण वेगळे काढ, अंक उलटे म्हणायला लाव. लक्ष टिकवण्याची चाचणी लांबलचक असू दे, आणि चुका सुरुवातीला होतात की शेवटी ते बघ. शांत खोलीत सूचना तू देतेस, वेळ तू सांभाळतेस, म्हणजे तिच्या मेंदूचं काम तूच करतेस! गुण चांगले येणारच. आई-वडील आणि शिक्षकांकडून प्रश्नावली वेगवेगळी भरून घे.

मला हट्टी म्हणतात, पालकांना उगाच घाबरवता म्हणतात. म्हणू देत. न दिसणाऱ्या इजेपायी मुलीने वर्षानुवर्षं बोलणी खावीत, हे मला पटत नाही.

वर्गात एका वेळी एकच सूचना, तीही लिहून. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, परीक्षेत जास्तीचा वेळ. स्क्रीनवरच्या स्मरणशक्तीच्या खेळांत पैसे घालायला सांगू नकोस. त्याने बहुतेकदा तोच खेळ सुधारतो.

आणि पुन्हा तपास: माध्यमिक वर्गात जाताना, मग किशोरवयात. मध्ये किमान वर्ष जाऊ दे, नाहीतर सरावानेच गुण फुगतात. पुढची तारीख अहवालाच्या पहिल्या पानावर लिही. शेवटचं पान कोणी उघडत नाही.