ग्रुप ठरवण्यापूर्वी

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

लातूरला शिकवणी लावायचे घरात ठरले, पण मेडिकल की इंजिनिअरिंग हे अजून ठरलेले नाही, असे तू लिहितेस. दहावीला गणितात आणि विज्ञानात सारखेच गुण असल्यामुळे गुणपत्रिका येथे उपयोगाची नाही. मावशीच्या मुलाने काय घेतले, हे तर त्याहून नाही.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा वायंडिंगवाल्याच्या दुकानात तू दुपारभर तारेचे वेढे मोजत बसली होतीस आणि वडील बोलवायला आले तरी उठली नाहीस, हे मला आठवते. आजीच्या पायाची जखम साखरेमुळे चिघळली, तेव्हा ड्रेसिंगही तूच करीत होतीस. परंतु तेथे तुला जखम कशी भरते याचे कुतूहल होते की आजीची काळजी, हे तुझे तूच तपासून पाहा. डॉक्टरला तेच काम अनोळखी, चिडलेल्या, साठाव्या रुग्णासाठीही करावे लागते.

वर्षांचा हिशेबही घरच्यांसमोर मांड. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी) सेवेचे एक, आणि एमडी किंवा एमएस करायचे तर आणखी तीन. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांत हाती येते, पण नोकरीसाठी आपल्याकडच्या बहुतेकांना पुणे गाठावे लागते. डॉक्टरला तालुक्याच्या गावीही रुग्ण मिळतात.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे नीटच्या, 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात आणि गणिताचा एकही नसतो. उलट, इंजिनिअरिंगसाठीच्या सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात 200 पैकी 100 गुण गणिताचेच असतात. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय घेऊन दोन्ही दारे उघडी ठेवण्याचा सल्ला मी सहसा देत नाही, कारण त्यात बहुतेक मुले दोन्हीकडे अर्धवट राहतात. तू मात्र दिवाळीपर्यंत ते ओझे उचल.

तोवर एखादी सकाळ संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या रांगेजवळ काढ, आणि एक दिवस पुन्हा त्या वायंडिंगवाल्याकडे बस. या वेळी मोटार आपली नसेल, असा दिवस निवड. काय आवडले ते कळवू नकोस, ते सगळेच सांगतात. कंटाळा कुठे आणि किती वाजता आला, एवढे लिही.

तुझे,
सर