कॅलिफोर्नियात पोलिसांच्या ‘लष्करी सामग्री’वर सिटी कौन्सिलचा खरोखर अंकुश असतो का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तुमच्या शहराच्या कौन्सिलच्या, म्हणजे निवडून आलेल्या नगरमंडळाच्या, कार्यक्रमपत्रिकेवर पोलिसांच्या ‘मिलिटरी इक्विपमेंट’चा वार्षिक अहवाल का आला आहे, कौन्सिल त्यावर काही करू शकते की नुसता शिक्का मारते, आणि एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तेथे उभे राहून बोललेले चालते का. मी स्वतः बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहतो आणि आमच्या शहरातील अशा सुनावण्यांना जात असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कौन्सिलला अधिकार आहेत आणि कागदावर ते बरेच कडक आहेत. कौन्सिल ते पूर्ण ताकदीने क्वचितच वापरते. तरीही हे अधिकार देणारा राज्याचा कायदा निरुपयोगी नाही, कारण ज्या गोष्टी पूर्वी पोलीस खात्याच्या अंतर्गत फायलींत राहत, त्या आता वाक्यावाक्याने लिहून लोकांपुढे ठेवाव्या लागतात. म्हणून चिलखती गाडीच्या छायाचित्राकडे बघत बसण्यापेक्षा पोलिसांच्या सामग्री-वापराच्या धोरणातील ‘अधिकृत वापर’ हा भाग आधी वाचावा, असे मी सुचवीन.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा येथे पहिला गोंधळ रचनेमुळे होतो. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. पुण्याचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृहखात्याला उत्तरदायी असतात, महानगरपालिकेला नव्हे, आणि नगरसेवकांनी पोलिसांच्या शस्त्रसाठ्यावर मतदान करायचे म्हटले तर सभागृहात हशा पिकेल. येथे मात्र शहराचे पोलीस खाते हे शहराचेच खाते असते आणि त्याचे अंदाजपत्रक कौन्सिल मंजूर करते. असे असूनही अनेक वर्षे एक मोठी पळवाट होती, कारण लष्कराकडून जवळजवळ फुकट मिळणारी सामग्री अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतच नसे.

ही पळवाट म्हणजे ‘1033 कार्यक्रम’. अमेरिकेच्या 1997 या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षणविषयक कायद्यातील 1033 क्रमांकाच्या कलमावरून हे नाव पडले. लष्कराला नको असलेले सामान, म्हणजे कपाटे आणि झोपायच्या पिशव्यांपासून रायफली आणि सुरुंगरोधक चिलखती गाड्यांपर्यंत सारे काही, स्थानिक पोलिसांना त्याखाली मिळते. पोलिसांनी फक्त वाहतूक आणि देखभालीचा खर्च करायचा. मूळ खरेदीच्या किमतीने मोजले तर आजवर सात अब्ज डॉलरांहून अधिक किमतीची सामग्री अशी वाटली गेली आहे. ऑगस्ट 2014 मध्ये मिसूरीतील फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या निदर्शनांसमोर चिलखती गाड्यांवर रायफली रोखून उभे राहिलेले पोलीस साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले, तेव्हा या वाटपाकडे लोकांचे खऱ्या अर्थाने लक्ष गेले. ओबामांनी जानेवारी 2015 च्या आदेशाने त्यावर निर्बंध आणले, ट्रम्प यांनी ऑगस्ट 2017 मध्ये ते उठवले, बायडन यांनी मे 2022 मध्ये पुन्हा काही निर्बंध घातले आणि जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी तेही रद्द केले. दर निवडणुकीला नियम असे उलटेपालटे होणार असतील, तर टिकाऊ नियंत्रण राज्याच्या किंवा शहराच्या पातळीवरच शक्य आहे, हे उघड होते.

शहराने मनावर घेतले तर काय होते, आणि काय होत नाही, याचे उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. सायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावातील पोलिसांना 2014 मध्ये 6,89,000 डॉलर किमतीची सुरुंगरोधक गाडी मिळाली. फर्ग्युसन ताजे होते, नागरिकांनी सभागृह डोक्यावर घेतले आणि कौन्सिलने साठ दिवसांत ती गाडी काढून टाकण्याचे पोलिसांना सांगितले. गाडी गेली, पण फार लांब नाही. शेजारच्या वुडलंड शहराच्या पोलिसांनी ती घेतली.

सध्याचा कायदा ‘एबी 481’ (असेंब्ली बिल 481) या नावाने ओळखला जातो. सॅन फ्रान्सिस्कोचे तत्कालीन असेंब्ली (राज्य विधिमंडळाचे सभागृह) सदस्य डेव्हिड चिऊ यांनी तो मांडला, गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर 2021 मध्ये त्यावर सही केली आणि 1 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. शहर पोलीस, काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) पोलीसप्रमुख असलेले शेरीफ, सरकारी वकिलांची कार्यालये, विद्यापीठांचे आणि शाळा-जिल्ह्यांचे पोलीस, हे सगळे त्याच्या कक्षेत येतात. नवी सामग्री मागण्यापूर्वी, तिच्यासाठी अनुदान घेण्यापूर्वी, ती विकत, भाड्याने किंवा उसनी आणण्यापूर्वी, आणि हाती असलेली सामग्री नव्या प्रकारे वापरण्यापूर्वीसुद्धा पोलिसांना लोकनियुक्त मंडळाची मंजुरी लागते. ही मंजुरी साध्या ठरावाने नव्हे, तर स्थानिक कायदा करून द्यावी लागते, आणि धोरणाचा मसुदा सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी संकेतस्थळावर टाकावा लागतो.

‘लष्करी’ या शब्दाने मात्र फसू नका. कायद्यातील यादीत असण्यासाठी वस्तू लष्कराकडून आलेली असावी लागत नाही. बेअरकॅट ही पोलिसांची लाडकी चिलखती गाडी लेन्को नावाची खाजगी कंपनी बनवते आणि शहरे ती बहुधा अनुदानाच्या किंवा स्वतःच्या पैशाने विकत घेतात. तरी ती यादीत येते. ड्रोन, जमिनीवर चालणारे रोबो, अश्रुधूर, डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे फ्लॅशबँग ग्रेनेड, दार उडवून देणारी स्फोटके, कान बधिर करणारे ध्वनियंत्र, रबरी किंवा स्पंजच्या गोळ्या झाडणारे 40 मिलिमीटरचे लाँचर, हे सारे यादीत आहे. पोलिसांच्या कमरेला असणारा मिरपुडीचा फवारा मात्र वगळलेला आहे.

आता धोरणाचा दस्तऐवज उघडून 40 मिलिमीटरच्या लाँचरची नोंद वाचून पाहा. संख्या, निर्मात्याने केलेले वर्णन, क्षमता आणि अपेक्षित आयुष्य हा भाग बहुतेक वेळा कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेला असतो आणि त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यानंतर उद्देश आणि अधिकृत वापर, सुरुवातीचा आणि वार्षिक खर्च, वापराला लागू असणारे नियम, प्रशिक्षण, देखरेख कोणाची, आणि नागरिकाने तक्रार कोठे करायची, हे क्रमाने यावे लागते. ‘अधिकारी आवश्यक वाटल्यास वापरू शकतील’ असे काही अधिकृत वापरात लिहिले असेल, तर ते काहीच न लिहिल्यासारखे आहे. चांगल्या धोरणात कोणाच्या हुकमाने, कोणत्या परिस्थितीत, शरीराच्या कोणत्या भागावर नेम धरायचा नाही आणि जमावावर वापर चालेल की नाही, हे स्पष्ट असते. जमावाविरुद्ध अशा गोळ्या आणि अश्रुधूर वापरण्यावर एबी 48 या दुसऱ्या राज्य कायद्याचेही निर्बंध आहेत. तुमच्या शहराच्या धोरणात त्यांचा उल्लेख आहे का, तेही पाहा.

एका वाक्याने किती फरक पडतो, हे सॅन फ्रान्सिस्कोत 2022 च्या अखेरीस दिसले. एबी 481 खाली तेथील पोलिसांचे धोरण तयार होत असताना सुपरवायझर (तेथील कौन्सिल सदस्यासारखे लोकप्रतिनिधी) एरन पेस्किन यांनी मसुद्यात एक वाक्य घातले, की रोबोंचा वापर कोणत्याही व्यक्तीविरुद्ध बळ म्हणून केला जाणार नाही. पोलीस खात्याने ते खोडले आणि त्याऐवजी लोकांच्या किंवा पोलिसांच्या जिवाला तत्काळ धोका असेल आणि अन्य उपायांपेक्षा तो धोका मोठा असेल, तर रोबो प्राणघातक बळासाठी वापरता येतील, असे वाक्य घातले. ही कल्पना हवेतली नव्हती. डॅलस पोलिसांनी जुलै 2016 मध्ये पाच पोलिसांना ठार मारणाऱ्या हल्लेखोराला रोबोच्या हातातील स्फोटकाने उडवले होते. 29 नोव्हेंबरला सुपरवायझर मंडळाने आठ विरुद्ध तीन मतांनी ते धोरण मंजूर केले, त्यावर देशभर गदारोळ झाला, सिटी हॉलसमोर निदर्शने झाली, आणि 6 डिसेंबरला दुसऱ्या वाचनाच्या वेळी, जे एरवी निव्वळ उपचार असते, मंडळाने आपलाच निर्णय फिरवून प्राणघातक वापरावर बंदी घातली आणि तो मुद्दा समितीकडे परत पाठवला. यातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मतांच्या आकड्यांत नाही. हे रोबो त्या खात्याकडे अनेक वर्षांपासून होते. प्रश्न उभा राहिला तो ‘वापर कशासाठी’ हे लिहून देण्याची कायद्याने सक्ती केली तेव्हाच.

कायद्याच्या उणिवाही तुम्हाला माहीत असाव्यात. सर्वांत वादाचा मुद्दा रायफलींचा आहे. कायदा ‘असॉल्ट’ प्रकारच्या बंदुकांना यादीत घालतो, पण खात्यात सरसकट दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या सेवाशस्त्रांना वगळतो. त्यामुळे गस्तीच्या प्रत्येक गाडीत एआर-15 धाटणीची रायफल ठेवणारे खाते म्हणू शकते, की ती आमची नेहमीची शस्त्रे आहेत, म्हणून त्यांची नोंद आम्ही करणार नाही. म्हणजे शस्त्र जितक्या जास्त जणांना द्यावे तितके ते देखरेखीतून सुटावे, असा हा उफराटा न्याय आहे. दुसरे म्हणजे, नियम मोडल्यास खात्याला काय शिक्षा, याचे स्वतंत्र कलम कायद्यात नाही. शेरीफांचे प्रकरण आणखी निराळे: ते स्वतः निवडून आलेले असतात आणि काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने आपल्याला जाब विचारावा हे अनेकांना रुचत नाही, पण एबी 481 पुरता कायदा त्यांना त्या मंडळाच्या मंजुरीखाली स्पष्टपणे आणतो.

वार्षिक अहवालात वापराचा सारांश, आलेल्या तक्रारी, अंतर्गत तपासणीत आढळलेले भंग, वर्षाचा एकूण खर्च आणि पुढील वर्षी काय आणायचे आहे, एवढे असावेच लागते. तो प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत पोलिसांना नागरिकांसाठी किमान एक सभा घ्यावी लागते. ही सभा कौन्सिलच्या बैठकीहून वेगळी असू शकते आणि प्रश्नोत्तरांसाठी तीच अधिक उपयोगी, कारण तेथे बोलण्याच्या तीन मिनिटांच्या मर्यादेचे घड्याळ डोक्यावर टांगलेले नसते. त्यानंतर कौन्सिलला सामग्रीच्या प्रत्येक प्रकाराबाबत स्वतंत्रपणे ठरवायचे असते, की त्याचा वापर कायद्याच्या निकषांत बसला का. बसला नसेल तर त्या प्रकाराची मंजुरी नाकारणे किंवा धोरणात बदल करायला लावणे बंधनकारक आहे. हे कलम बऱ्याच कौन्सिल सदस्यांच्या लक्षात नसते आणि ते सगळे धोरण एका गठ्ठ्यात नूतनीकरण करून मोकळे होतात. त्यामुळे ‘पोलिसांचे निःशस्त्रीकरण करा’ अशा घोषणेपेक्षा ‘अमुक पानावरील फ्लॅशबँगचा वापर धोरणातील कोणत्या अटीखाली झाला आणि त्याला परवानगी कोणी दिली’ असा एक प्रश्न कौन्सिलला अधिक अडचणीत टाकतो. तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसले, तर तक्रार करण्याची सोय संकेतस्थळावर कितव्या क्लिकनंतर सापडते, हेही विचारा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. राज्याच्या ब्राउन कायद्यानुसार बैठक सर्वांना खुली असते आणि हजर राहण्याची अट म्हणून तुमच्याकडून नाव-पत्ता मागता येत नाही. बोलणाऱ्यांसाठी चिठ्ठी ठेवलेली असली तरी तीत नाव भरणे ऐच्छिक असते. नेहमीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका 72 तास आधी लागते. तुमचा विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’मध्ये, म्हणजे चर्चेविना एकदम मंजूर होणाऱ्या विषयांत, घातला असेल तर तुमच्या भागातील कौन्सिल सदस्याला आधीच ईमेल करून तो वेगळा काढण्याची विनंती करा, आणि तुमचा लेखी अभिप्राय सिटी क्लार्ककडे (कौन्सिलची कागदपत्रे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) बैठकीच्या आदल्या दिवशी पोहोचेल असे पाहा, म्हणजे तो सदस्यांच्या कागदपत्रांत लागतो.