डायलिसिस सुरू झाल्यावरही डाळ बंदच ठेवावी का?

प्रश्न : माझे सासरे ६३ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्याने काही महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस होते. त्याआधी डॉक्टरांनी डाळी व अंडी कमी करण्यास सांगितले होते. ते पथ्य आम्ही आजही पाळतो. मात्र वजन ५५ किलोवर आले असून अंगात ताकद राहिलेली नाही. शेजारी शहाळ्याचे पाणी आणि कमी सोडियमचे मीठ सुचवतात. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाळत असलेले पथ्य त्या वेळी योग्यच होते, आता मात्र ते बदलायला हवे. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी ठेवतात, कारण त्यांपासून तयार होणारा युरिया दुबळ्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. डायलिसिसमध्ये तो युरिया यंत्र काढून टाकते, परंतु त्याबरोबर अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटकही निघून जातात. त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आपल्या सासऱ्यांना ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर पातळ वरणावर ही गरज भागत नाही. अंडी चालत असतील तर एका अंड्याच्या पांढऱ्या भागातून सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात आणि निकामी मूत्रपिंडांमुळे रक्तात साठणारा फॉस्फरस फारच थोडा जातो. मासे, चिकन, घट्ट वरण, पनीर यांचे प्रमाण मात्र रक्ततपासणीचे अहवाल पाहून आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. वजन अंगावरचे पाणी निघाल्याने उतरले की स्नायू झिजल्याने, हेही डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शेजाऱ्यांचे दोन्ही सल्ले कृपया बाजूला ठेवा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. हे मीठ किराणा दुकानात आरोग्यदायी म्हणून विकले जाते, त्यामुळे त्याचा संशय कुणाला येत नाही. परंतु रक्तातील पोटॅशियम वाढले की हृदयाची लय बिघडू शकते आणि पूर्वसूचना मिळेलच असे नाही. साधेच मीठ मोजून वापरावे. लोणचे, पापड, सुकट बंद ठेवावेत. बटाटा किंवा दुधी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावा व ते पाणी ओतून द्यावे. काटकसरीच्या सवयीने ते आमटीत घातले, तर काढलेले पोटॅशियम पुन्हा ताटात येते.

पाण्याची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिलेली असेलच. चहा, ताक आणि आमटीही तिच्यातच मोजावी. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी दिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यावी, कारण उपाशीपोटी घेतल्यास तिचा हेतू साधत नाही.

आपण मधुमेहाच्या औषधांचा उल्लेख केलेला नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे जुनाच डोस चालू असेल तर साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास लगेच साखर तपासावी. ती कमी असेल आणि ते शुद्धीवर असतील, तर पोटॅशियम असलेल्या संत्र्याच्या रसाऐवजी तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डोस बदलण्याविषयी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.