मॅनेजर गेला, पण कसा गेला?

वाचक विचारतात : फुटबॉल

या वेळच्या टपालात एकच भांडण वेगवेगळ्या गावांतून आलंय. संघ चालवणाऱ्या मॅनेजरने क्लब सोडला की तो गद्दार, की मोठ्या घरी गेला म्हणून शहाणा? आणि मोठं घर कोणतं, हे कुणी ठरवायचं? निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : होस्टेलवर आमच्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, क्लॉपचा लिव्हरपूलशी २०२६ पर्यंत करार होता, तरी २०२४ लाच गेला. मग कसला निष्ठावंत? फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला २६ वर्षं राहिला, तोच खरा. दुसऱ्या तटाला हे मान्य नाही. कोणाचं बरोबर?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : ‘निष्ठावंत’ हा शब्द आपल्याकडे तिकीटवाटपात इतका झिजलाय, की फुटबॉलमध्ये तो जरा जपूनच वापरावा. वर्षं मोजण्याआधी तीन गोष्टी बघा. जाणार हे क्लबला कधी कळलं, हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर गेला आणि मागे काय ठेवून गेला.

क्लॉपने २६ जानेवारी २०२४ ला जाहीर केलं, की हंगाम संपला की जातो. क्लबला तर आधीच्या नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवलं होतं. म्हणजे नवा माणूस शोधायला निदान सहा महिने हातात होते. आर्ने स्लॉट आले. त्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष संघात दाखल झालेला नवा खेळाडू एकच, फेडेरिको किएसा, आणि त्यालाही मैदानावर फारसा वेळ मिळाला नाही. तरी २०२४-२५ चं लीग विजेतेपद लिव्हरपूलने घेतलं. जिंकला तो बहुतांशी क्लॉपने बांधलेला संघच.

फर्ग्युसनच्या निष्ठेबद्दल शंकाच नाही. १३ लीग विजेतेपदं मिळवून दिलेला माणूस. पण सोपवणं बघा. निवृत्ती जाहीर झाली ८ मे २०१३ ला, आणि दुसऱ्या दिवशी डेव्हिड मोयेसचं नाव. क्लबचा कारभार पाहणारे डेव्हिड गिल त्याच उन्हाळ्यात बाजूला झाले. बचावफळीत फर्डिनंड ३४ वर्षांचा, एव्रा ३२ चा, व्हिडिच ३१ चा. स्कोल्स निवृत्त, गिग्ज ३९ चा. त्यात मोयेसने जुने सहायक फेलन आणि म्यूलनस्टीन यांना बदलून आपल्या जुन्या क्लबातून, एव्हर्टनहून, आपली माणसं आणली. ज्यांना सगळं घर ठाऊक होतं, ते सगळे एकदमच गेले. गतविजेता संघ सातव्या क्रमांकावर घसरला. सहा वर्षांचा करार असलेल्या मोयेसला दहा महिन्यांच्या आत नारळ मिळाला.

वर्षांचे गुण फर्ग्युसनला द्या, वाद नाही. जाण्याचे गुण आम्ही क्लॉपला देऊ.

प्रश्न : करारावर सही केलेली असताना हा माणूस मधूनच उठून जातोच कसा? खेळाडूला तर ट्रान्सफर विंडो, म्हणजे खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, उघडेपर्यंत थांबावं लागतं.
– परभणी

उत्तर : मॅनेजरला ट्रान्सफर विंडो नाही, इथेच खरी गोम आहे. ऑक्टोबर असो, फेब्रुवारी असो, तो कधीही जाऊ शकतो. फक्त तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं, ज्याला तो हवा त्या क्लबने सध्याच्या क्लबकडून बोलणीची परवानगी घ्यायची. दुसरं, सुटकेची रक्कम. करारात आकडा लिहिलेला असेल तर तो भरला की झालं. नसेल तर घासाघीस, आणि ती बहुधा उरलेल्या वर्षांच्या पगारापासून सुरू होते. तिसरं, नोटीस.

रुबेन अमोरिमचं उदाहरण घ्या, त्यात तिन्ही दारं नीट दिसतात. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर युनायटेडने त्याला मागितलं, तेव्हा लिस्बनचा स्पोर्टिंग पोर्तुगालच्या लीगमध्ये अव्वल होता, सगळे सामने जिंकून. करारात १ कोटी युरोंचं सुटकेचं कलम होतं आणि वर ३० दिवसांची नोटीस. पैसे द्यायला युनायटेड तयार होतं. अडलं ते नोटिशीवर. शेवटी मधला मार्ग निघाला. १ नोव्हेंबरला घोषणा झाली, पण अमोरिम ११ तारखेला रुजू होणार. त्या मधल्या दिवसांत स्पोर्टिंगने मँचेस्टर सिटीला ४-१ ने हरवलं आणि ब्रागाविरुद्ध मध्यंतराला ०-२ ने मागे असताना ४-२ ने सामना काढला. तो गेला तेव्हा लीगमधले ११ पैकी ११ सामने जिंकलेले होते.

आता पुढचं. क्लबने राखीव संघाचा कोच जुआंव परेरा याला वर आणलं. वरच्या श्रेणीत मुख्य कोच म्हणून त्याने कधी काम केलेलं नव्हतं. आर्सेनलकडून १-५, मग लीगमध्येही हार. नाताळ उलटला तसा त्यालाही निरोप. तिसरा कोच रुई बोर्जेसने गाडी रुळावर आणली आणि लीग जिंकलीच.

हंगामाच्या मध्यावर असं का फसतं? मॅनेजर एकटा जात नाही. ग्रॅहम पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रायटन सोडून चेल्सीला गेले, तेव्हा पाच सहकारी सोबत नेले, त्यात गोलकीपरचा कोचही होता. कॉर्नर आणि फ्री किकला कोण कुणाला धरणार, प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ कोण कापणार, दुखापतीतून उठलेल्याला किती मिनिटं खेळवायचं, हे सगळं त्या माणसांच्या डोक्यात असतं. ते नव्याने बसवायला प्री-सीझनचे, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाचे, पाच-सहा आठवडे लागतात, आणि नोव्हेंबरमध्ये तर दर तीन-चार दिवसांनी सामना.

ब्रायटनने मात्र पर्यायी नावं आधीच तयार ठेवलेली होती. दे झेर्बी आले, संघ सहावा आला आणि पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत पोचला. चेल्सी बारावा. पॉटरना एप्रिलमध्येच घरी पाठवलं होतं. पाच वर्षांचा करार सात महिन्यांत संपवणाऱ्या क्लबला मात्र कुणी गद्दार म्हणत नाही, हेही तुमच्या भांडणात एकदा मांडून बघा.

प्रश्न : मॅनेजर आणि हेड कोच यांत फरक काय?
– हिंगोली

उत्तर : खरेदी-विक्रीवर कुणाचा हात, एवढाच. जुन्या पद्धतीच्या मॅनेजरच्या हाती मैदान आणि बाजार दोन्ही. हेड कोचकडे मैदान, बाजार क्रीडा संचालकाकडे. लिव्हरपूलमध्ये क्लॉप मॅनेजर होते, स्लॉट हेड कोच म्हणून आले. हेड कोच गेला तर पडझड कमी होते, कारण खेळाडू निवडणारा माणूस जागेवरच राहतो.

प्रश्न : ग्रुपवर एका गड्याने सगळ्यांना गप्प केलंय. तो म्हणतो, नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे दोन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), आर्सेनलकडे २०२५ पर्यंत एकही नाही. मग फॉरेस्ट मोठा क्लब! याला उत्तर काय?
– बीड

उत्तर : कप खरे आहेत, १९७९ आणि १९८०. ब्रायन क्लॉफच्या संघाचा तो पराक्रम कमी लेखू नका. पण तेव्हा सलामीपासून अंतिम फेरीपर्यंत एकूण नऊ सामने खेळले की कप हातात. आज लीग टप्प्यातलेच आठ, आणि कप उचलायला निदान पंधरा. शिवाय हाच फॉरेस्ट १९९९ ते २०२२ वरच्या श्रेणीत नव्हता. मधली तीन वर्षं तर तिसऱ्या श्रेणीत काढली. आर्सेनल १९१९ पासून एकदाही खाली गेलेला नाही.

गड्याला कागदावर चार रकाने आखायला लावा. एकात आयुष्यभराची कमाई. दुसऱ्यात गेल्या २० वर्षांत वरच्या श्रेणीत किती वर्षं. तिसऱ्यात मैदान, फॉरेस्टचं सुमारे ३० हजारांचं, आर्सेनलचं ६० हजारांवर. पहिल्याच रकान्यावर भांडण संपवायचं नाही, एवढी अट घाला.

चौथा रकाना आमच्या मते सगळ्यांत बोलका आहे. या क्लबचा चालता मॅनेजर कोण उचलून नेतो, आणि हा कुणाचा उचलतो? पाणी उताराकडे वाहतं, मॅनेजर चढाकडे. पण इथेही एक चकवा आहे. ब्रेंडन रॉजर्स फेब्रुवारी २०१९ मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक सोडून इंग्लंडच्या लेस्टरला गेले, तेही संघ लीगमध्ये आघाडीवर असताना. सेल्टिककडे १९६७ चा युरोपियन कप, पन्नासहून अधिक लीग विजेतेपदं. लेस्टरकडे एकच लीग, २०१६ ची. मग चढ कुठे? तो लीगचा. इंग्लंडच्या टीव्हीचा पैसा स्कॉटलंडच्या कैक पट. मोठं घर सोडून मोठ्या गल्लीत गेला म्हणा ना. चाहते खवळले, आणि २०२३ मध्ये तेच रॉजर्स पुन्हा सेल्टिकला आले! तेव्हा ग्रुपवर लिहिताना क्लबची उंची आणि लीगची उंची वेगळी धरा.

प्रश्न : इंग्लंडचं राहू द्या. आपल्याकडे एका क्लबशी शेवटपर्यंत राहिलेला कोच आहे का?
– नांदेड

उत्तर : तुमच्याच जुन्या राजधानीचा आहे. सय्यद अब्दुल रहीम. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, १९५० मध्ये, ते हैदराबाद सिटी पोलिस संघाचे कोच झाले आणि जून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. मुंबईचा रोव्हर्स कप या संघाने १९५० ते ५४ सलग पाच वेळा नेला. याच काळात रहीम भारताचेही कोच होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांची सुवर्णपदकं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. संघ टिकला त्याचं एक साधं कारण पगार. खेळाडू पोलिस खात्यात नोकरीला होते.

उलट बाजूही ऐका. मुंबई सिटीला इंडियन सुपर लीगची २०२२-२३ ची लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येण्याचा मान, जिंकून देणारे डेस बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये, हंगाम सुरू असताना, इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ऑक्सफर्डला गेले. भारताचा अव्वल क्लब आणि तिथली तिसरी श्रेणी, मागच्या उत्तरातला चढ इथेही दिसतो. पण ऑक्सफर्ड हे त्यांचं जन्मगाव. गद्दारी म्हणायची की घरची ओढ, तुम्हीच ठरवा. मुंबईने पीटर क्रात्कींना आणलं आणि मे २०२४ मध्ये त्याच लीगचा बाद फेरीनंतरचा कपही जिंकला.

प्रश्न : आमचा मुलांचा छोटा क्लब आहे. स्पर्धा तोंडावर असताना कोच दुसऱ्या अकॅडमीत गेला आणि सात मुलंही घेऊन गेला. लै भरवसा होता हो त्याच्यावर. आता काय करावं?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी मानधनाची वही उघडा. दोन-तीन महिने थकवले असतील तर त्याच्याकडे बोट दाखवू नका, हिशोब चुकता करा. तसं नसेल तर चूक कागद न करण्यात झाली, आणि ती पुढच्या कोचच्या वेळी टाळता येते.

एका पानाचा करार पुरे. जून ते मे असा हंगाम. मानधन कोणत्या तारखेला. दोन्ही बाजूंनी ४५ दिवसांची नोटीस. आणि नोंदवलेली स्पर्धा सुरू असेल तर ती संपेपर्यंत थांबायचं. खाली सोपवायच्या वस्तूंची यादी : हजेरीपट, जन्मदाखल्यांच्या प्रती, कुणाला दमा आहे किंवा जुनी दुखापत आहे त्याची नोंद, खेळाडू नोंदणीचा लॉगिन आणि पासवर्ड, चेंडू (१२ वर्षांखालच्यांसाठी ४ नंबरचे, मोठ्यांसाठी ५ नंबरचे), सरावाचे कोन, संघ ओळखायचे बिब. ही यादी दोघांनी मोजून सही करायची.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. अ‍ॅडमिन एकटा कोच असतो, सगळे नंबर त्याच्याकडे. तो ग्रुप सोडतो, दुसरा उघडतो, आणि रविवारी सकाळी तुमच्या मैदानावर चारच मुलं. क्लबचे दोन पदाधिकारी पहिल्या दिवसापासून अ‍ॅडमिन ठेवा.

गेलेल्या सात मुलांची नोंदणी तुमच्या क्लबच्या नावावर असेल तर या स्पर्धेपुरतं पालकांशी बोलून बघा. नाही म्हणाले तर मोकळं करा. दाखले अडवून ठेवू नका. एका पोराचा हंगाम बुडाला की बाकीचे पालकही पुढच्या जूनमध्ये दुसरं मैदान शोधतात.