बैलाचा पुढचा पाय धडाला कोणत्या सांध्याने जोडलेला असतो?

असा हाडाचा सांधा तेथे नसतोच. माणसाच्या गळ्याखाली असणारे आडवे हाड बैलाला नसल्यामुळे त्याची छाती खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेली असते, आणि तरीही शरीराचा निम्म्याहून अधिक भार हेच पुढचे पाय पेलतात. चिखलणीच्या वेळी कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान खाचरात, चालणारा कोकण कपिला या कोकणातल्या गोवंशाचा बैल बाजूने पाहावा. रुतलेला पाय तो उपसतो तेव्हा कातडीखाली फऱ्याचे हाड वर सरकलेले स्पष्ट दिसते. वशिंडसुद्धा मुख्यतः स्नायूच आहे. जू त्याच्या पुढे, मानेवर बसते. म्हणून खांदेसूज, म्हणजे जुवाच्या दाबाने व घासण्याने तेथे येणारी सूज, दिसताच, हंगाम कितीही घाईचा असला तरी, कृपया त्या बैलाला जुंपू नये.