वर्क-स्टडीचे तास कॅम्पसबाहेर

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या ॲवॉर्ड लेटरमध्ये (आर्थिक मदतीचं पत्र) ३००० डॉलर ‘फेडरल वर्क-स्टडी’ (अमेरिकी केंद्र सरकारच्या निधीतून विद्यार्थ्यांना मिळणारं अर्धवेळ पगारी काम) लिहिलेत. तिला जिमच्या दारात कार्ड तपासत बसायचं नाही, गावातल्या सरकारी शाळेत मुलांना वाचायला शिकवायचंय. जमेल का? – एक पालक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : जमेल, कॉलेजला अशी मुलं हवीच असतात. खास सूट मिळालेली नसेल तर वर्क-स्टडीच्या केंद्रीय निधीतला किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्च करणं कॉलेजला बंधनकारक आहे. मुलांना वाचन शिकवायचा किंवा कौटुंबिक साक्षरतेचा एखादा उपक्रमही त्यात लागतोच. एरवी पगारातला केंद्राचा वाटा साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत. वाचन किंवा गणित शिकवणाऱ्यांचा मात्र सगळा पगार केंद्राच्या पैशातून देता येतो. शाळेच्या खिशाला झळ लागत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाका. हे ३००० फीमधून वळते होत नाहीत. ती कमाईची कमाल मर्यादा आहे. काम करेल तसा पगार हातात येतो. ताशी १६ डॉलर धरले तर साधारण १८७ तास, म्हणजे ३० आठवडे आठवड्याला जेमतेम सहा तास. ऑगस्टची फी यातून भरायचा बेत आखू नका.

काम अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. कॉलेज आणि शाळा यांच्यात लेखी करार नसेल तर केलेल्या तासांचा पगार अडकतो, तेव्हा फायनान्शियल एड ऑफिसला पहिलं हेच विचारा. मुलांबरोबर काम म्हटल्यावर पार्श्वभूमी तपासणी आणि बोटांचे ठसे आलेच, त्यात आठवडे जाऊ शकतात. जुलैतच हालचाल केलेली बरी. तिसरं वेळापत्रक : शाळा सुटल्यानंतरचे वर्ग भरतात दुपारी तीनच्या पुढे, आणि विज्ञानाची लॅबही नेमकी तेव्हाच! तासाच्या वेळेत वर्क-स्टडीचं काम चालत नाही. विषय निवडतानाच दोन दुपारी मोकळ्या ठेवायला सांगा. जाण्यायेण्याच्या वेळेचाही पगार देण्याची मुभा नियमांत आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देईल असं धरू नका.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत असा विद्यार्थी घेता येईल का?

उत्तर : मंडळ ना-नफा संस्था म्हणून नोंदलेलं हवं आणि काम सार्वजनिक हिताचं. ज्याचा फायदा मुख्यतः ठरावीक सभासदांनाच होतो, ते काम बसत नाही. सभासदांच्याच मुलांना प्रवेश असेल तर अर्ज करू नका. वर्ग सगळ्यांना खुले असतील तर कॉलेजशी बोला. केंद्राचा वाटा सोडून उरलेली रक्कम कॉलेज बहुतेक वेळा संस्थेकडूनच घेतं, ती तरतूद आधी करा. आणि त्या विद्यार्थ्याला प्रार्थनेच्या सभागृहाची डागडुजी सांगू नका, त्या कामाला स्पष्ट मनाई आहे.

प्रश्न : पुण्याहून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर येणाऱ्या भाच्याला हे मिळेल?

उत्तर : नाही. वर्क-स्टडी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांपुरतं आहे. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतची साधी नोकरी तो करू शकेल. ज्या कामाला एरवी पगार असतो ते कॅम्पसबाहेर ‘फुकट करतो’ म्हणून पत्करलं तरी व्हिसा अडचणीत येऊ शकतो. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायला सांगा.