सातेरीच्या पंखांचा फरक आणि नव्या वसाहतींची खरेदी

प्रश्न : आमच्या पेट्यांतील सातेरी (देशी मधमाशी) माश्यांचे पंख डोंगराळ भागातून आलेल्या वसाहतींपेक्षा आखूड दिसतात, काही माश्यांचे तर चुरगळलेले आहेत. विक्रेता म्हणतो, जात हलकी झाली. लांब पंखांच्या वसाहती घ्या आणि तोवर औषधाची मात्रा दुप्पट करा. काय करावे?

उत्तर : आखूड पंख आणि चुरगळलेले पंख या दोन वेगळ्या गोष्टी असून विक्रेत्याने त्या सोयीने एक केल्या आहेत.

सातेरी उत्तरेकडे आणि उंचावर आकाराने मोठी, तर दक्षिणेकडे आणि मैदानात लहान असते; हा त्या त्या भागाशी जुळलेला फरक आहे, दोष नव्हे. शिवाय पिलाव्याला (वाढत्या अळ्या-कोषांना) मिळालेले अन्न आणि जुन्या फण्यांतील आकसलेल्या कोशिका यांमुळेही पंखाची लांबी बदलते, म्हणून वंश तपासताना अभ्यासक लांबीवर विसंबत नाहीत, तर पुढच्या पंखावरील शिरांच्या 19 सांध्यांच्या जागा मोजतात. तेही एका माशीचे नव्हे. राणीचा समागम अनेक नरांशी होत असल्याने एकाच पेटीत सावत्र बहिणी नांदतात आणि सरासरी काढावीच लागते. तेव्हा एक पंख उजेडात धरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. (साध्या भिंगाने सातेरी आणि मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) एवढा भेद मात्र कळतो : सातेरीच्या मागच्या पंखावर एक जादा शीर असते.) इतके करूनही पंखाचा आकार वंश सांगतो, मध किती येईल ते सांगत नाही.

चुरगळलेले पंख बहुधा विषाणूमुळे होतात आणि तो व्हरोवा हा माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक कोळी पसरवतो. क्वचित पिलावा गारठल्यानेही तसे होते. म्हणून आधी मोजणी, मग औषध. पिलाव्याच्या फणीवरील सुमारे 300 माश्या, राणी त्यांत नाही याची खात्री करून, जाळीच्या झाकणाच्या बरणीत पिठीसाखरेबरोबर घोळवाव्यात आणि गळालेले कोळी मोजावेत. मात्रा दुप्पट करू नये. फॉर्मिक आम्ल तापमान 30 अंशांपुढे असताना वापरल्यास पिलावा आणि राणी दोन्ही जाण्याचा धोका असतो, आणि मधाच्या हंगामात औषधी पट्ट्या ठेवल्यास अंश मधात उतरतो. सातेरी तर छळ झाला की पेटी सोडून निघूनच जाते. पुन्हा सांगतो, दुप्पट मात्रेने फायदा फक्त विकणाऱ्याचा होतो.

बाहेरच्या वसाहती आणू नयेत. 1990 च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या, आणि असा रोग पेट्यांच्या ने-आणीबरोबर सहज पोहोचतो. त्याऐवजी आपल्याच शांत, निरोगी, भरपूर मध देणाऱ्या आणि पेटी न सोडणाऱ्या वसाहतींचे विभाजन करावे. ते नर माश्या दिसू लागल्यावर, फुलोऱ्याच्या तोंडावर करावे; पावसाळ्याच्या टंचाईत केलेले विभाजन दोन्ही पेट्या बुडवते, मग विक्रेता काहीही म्हणो. अनुदान राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानातून मिळते, त्यासाठी मधुक्रांती संकेतस्थळावर नोंदणी करावी. अटी कार्यालयात विचाराव्यात.